पाँटून बोट घेताना : आधी पाण्याखालचे पाहा, मग छत आणि दिवे

हथखोज (भिलाई, छत्तीसगढ) : जलाशयावर पर्यटकांना फिरवण्यासाठी सपाट डेकची पाँटून बोट विकत घ्यावयाची ठरली की खरेदीदारासमोर प्रथम येते ते रंगीत माहितीपत्रक. त्यात गुबगुबीत आसने असतात, निळे दिवे असतात, संगीतयंत्रणा असते, वर चढण्यासाठी जिना आणि खाली पाण्यात उतरण्यासाठी घसरगुंडीही असते. बोट तरंगते ज्याच्या जिवावर, ती डेकखालची पोकळ नळकांडी मात्र एका ओळीत उरकलेली असतात. ग्रामपंचायत असो, मच्छीमार सहकारी संस्था असो, महिला बचतगट असो वा रिसॉर्टचा मालक असो, खरेदीतली पहिली चूक होते ती येथेच. बोटीवर येणारा पैसा मर्यादित असतो आणि तो आधी डेकच्या वर खर्च झाला, तर डेकच्या खाली काही उरत नाही.

दुर्ग जिल्ह्यातील हथखोज हे अवजड औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखले जाते. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि पुढील दशकांत या कारखान्याच्या आश्रयाने पत्रा कापणारे, वाकवणारे आणि जोडणारे छोटे-मोठे कारखाने परिसरात उभे राहिले. अशा ठिकाणी दोन लांब पिंपे वेल्ड करून त्यावर चौकट ठोकणे हे अवघड काम नाही. येथून काही तासांच्या अंतरावर धमतरीजवळ महानदीवरील गंगरेल धरण, म्हणजेच रविशंकर सागर, आहे. शेतीबरोबर भिलाईच्या पोलाद कारखान्यालाही पाणी देणारा हा जलाशय नौकाविहारासाठीही लोकप्रिय आहे. बोट बनवू शकणारे कारागीर आणि ती चालवता येईल असे पाणी, दोन्ही जवळ असलेल्या या पट्ट्यात ‘तयार बोट घ्यावी की स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यावी’ हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात भंडारा-नागपूरच्या सीमेवरील गोसीखुर्द, कोयनेचा शिवसागर किंवा रामटेकजवळची खिंडसी येथेही प्रश्न हाच. उत्तर बोट कोणी बनवली यावर थोडे आणि खरेदीदाराने काय विचारले यावर अधिक अवलंबून आहे.

पाँटून हा शब्द मराठी वाचकांना पुलामुळे परिचित आहे. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात गंगेवर पिंपांचे पूल टाकले जातात. कोलकात्यातही आजचा हावडा पूल होण्यापूर्वी हुगळीवर १८७४ पासून पाँटून पूलच होता. त्याच तत्त्वावरची बोट म्हणजे दोन किंवा तीन हवाबंद नळकांडी आणि त्यांवर आडव्या तुळयांनी बांधलेला सपाट डेक. आपल्या जुन्या तराफ्याचे धातूतले रूप. पर्यटनासाठी तिचा प्रसार अमेरिकेत झाला. मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोज वीरेस या शेतकऱ्याने १९५०च्या दशकाच्या प्रारंभी पोलादी पिंपांवर लाकडी मंच बसवला आणि पुढे त्याचाच उद्योग झाला. रुंद, स्थिर, उथळ पाण्यातही चालणारी आणि वृद्धांना, चाकाच्या खुर्चीतील व्यक्तींना सहज चढता येईल अशी ही बोट शांत जलाशयासाठी उत्तम आहे. उघड्या समुद्रासाठी ती नाही. कोकणात ती घ्यावयाची असेल, तर खाडीच्या आतल्या, लाटांपासून सुरक्षित पाण्यापुरतीच घ्यावी.

किती माणसे? आकडा विक्रेत्याचा नको, पाण्याचा हवा

बोटीची क्षमता म्हणजे आसनांची संख्या नव्हे. ती नळकांड्यांच्या आकारमानातून निघते आणि हे गणित शाळेतल्या सूत्राने करता येते. ६३५ मिलिमीटर, म्हणजे २५ इंच, व्यासाचे आणि ६.७ मीटर, म्हणजे २२ फूट, लांबीचे एक नळकांडे सुमारे २,१०० लिटर पाणी बाजूला सारते. म्हणजेच ते पूर्ण बुडेपर्यंत २,१०० किलो भार उचलू शकते. अशी दोन नळकांडी असली, तर बेरीज ४,२०० किलो होते. विक्रेता हा आकडा सांगतो आणि खरेदीदाराचे समाधान होते. वास्तविक हा बोट बुडण्याचा आकडा आहे, चालवण्याचा नव्हे. पूर्ण भार घेऊन स्थिर उभी असताना नळकांडी साधारण निम्मीच पाण्यात असावीत, उरलेला निम्मा भाग अडीअडचणीसाठी राखीव असावा, हा व्यवहारातील सुरक्षित दंडक आहे.

उदाहरण घेऊ. बोटीचे स्वतःचे वजन १,१०० किलो, इंजिन, इंधन आणि बॅटरी मिळून १५० किलो. प्रत्येकी ७५ किलोचे १२ प्रवासी म्हणजे ९०० किलो. एकूण २,१५० किलो. प्रत्येक नळकांड्यावर १,०७५. नळकांडे जेमतेम निम्मे बुडाले. आता काठावर मगर दिसली आणि बाराही जण एका बाजूच्या कठड्याशी धावले. दोन नळकांड्यांच्या मध्यांतील अंतर १.८ मीटर असेल आणि सर्वांचे वजन एका नळकांड्यावर आले, तर त्यावरील भार १,५२५ किलोपर्यंत चढतो. बोट झुकते, लोक ओरडतात, पण नळकांड्याची क्षमता अजून शिल्लक असते.

त्याच बोटीत २० जण बसवा. एकूण वजन २,७५० किलो, प्रत्येक नळकांड्यावर १,३७५. धक्क्यावरून पाहणाऱ्याला बोट थोडी खोल बसलेली दिसेल, इतकेच. सर्व जण एका बाजूला गेले, की त्या नळकांड्यावर २,१२५ किलो येतात. म्हणजे ते संपूर्ण पाण्याखाली. यापुढे त्या बाजूला बोटीला सावरणारे काहीच उरत नाही. डेकची कड पाण्यात जाते आणि घसरणारी माणसे झुकाव आणखी वाढवतात. बारा आणि वीस यांतला फरक हा ‘थोडी गर्दी’ नसून बोट सावरणे आणि उलटणे यांतला फरक आहे.

म्हणूनच अतिरिक्त पर्यायांच्या यादीत ज्यावर बिनदिक्कत पैसे खर्च करावेत असा एकच पर्याय सांगावयाचा झाल्यास तो तिसरे नळकांडे हा आहे. मधोमध तिसरे नळकांडे आले की एकूण तरणक्षमता ६,३०० लिटर होते. त्याचे स्वतःचे वजन धरूनही २० प्रवाशांनिशी बोट निम्म्याहून कमी बुडते, आणि सगळे एका बाजूला गेले तरी त्या बाजूच्या नळकांड्यात सुमारे पाचवा हिस्सा राखीव राहतो. अधिक व्यासाची नळकांडी घेणे हा दुसरा मार्ग. दोन्ही नको असतील, तर आसनेच बारा बसवावीत. वीस आसनांच्या बोटीत बाराच माणसे बसवू, हा निश्चय सुट्टीच्या दिवशी, धक्क्यावर रांग लागलेली असताना टिकत नाही.

या गणिताची किंमत देशाने चुकवली आहे. केरळमधील थेक्कडी येथे पेरियार तलावावर ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटन महामंडळाची ‘जलकन्यका’ ही दुमजली नौका उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. ती पाँटून नव्हती. तरीही काठावरील प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकणे आणि वरच्या मजल्यावर वजन असणे ही दोन्ही कारणे पाँटून खरेदी करणाऱ्यानेही लक्षात ठेवावीत अशी आहेत. माहितीपत्रकातील सर्वांत मोहक पर्याय म्हणजे छतावरचा दुसरा डेक. वर गेलेला प्रत्येक माणूस बोटीचा गुरुत्वमध्य वर नेतो; खाली बसलेल्या चौघांनी जेवढा धोका निर्माण होत नाही, तेवढा वर उभे असलेले चौघे करू शकतात. नौकारचनाकाराने त्या विशिष्ट बोटीसाठी स्थैर्याचा हिशेब करून दिलेला नसेल, तर दुसरा डेक नकोच.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक जण होते आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी धरणात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा अंत झाला. एका घटनेत गर्दी, दुसऱ्यात वारा.

पोलाद की ॲल्युमिनियम?

हथखोजसारख्या ठिकाणी पोलाद सहज मिळते, त्याचे वेल्डर मिळतात, आणि साहजिकच फॅब्रिकेटरचा पहिला प्रस्ताव पोलादी नळकांड्यांचा असतो. किमतीत तो परवडतो. वजनात परवडतो का, ते पाहावे. वर सांगितलेल्या मापाचे नळकांडे ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे केल्यास केवळ पत्र्याचे वजन सुमारे ३१५ किलो भरते. २.५ मिलिमीटर ॲल्युमिनियमचे केल्यास ते ९० किलो. दोन नळकांड्यांत फरक ४५० किलोचा पडतो. म्हणजे पोलाद घेतले की सहा प्रवासी बोट पाण्यात उतरण्यापूर्वीच बसलेले असतात, आणि ते तिकीट काढत नाहीत.

याचा अर्थ पोलाद निषिद्ध असा नव्हे. तरंगता धक्का, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपर्यंत खाद्य नेणारी संथ तराफाबोट, एका ठिकाणी बांधून ठेवलेला तरंगता मंच यांसाठी आतून-बाहेरून इपॉक्सी रंग दिलेले पोलाद योग्य आहे. प्रवासी फिरवणाऱ्या बोटीसाठी मात्र ॲल्युमिनियम घ्यावे, आणि तेही कोणतेही नव्हे. खिडक्यांच्या चौकटींचा मिश्रधातू वेगळा आणि पाण्यात टिकणारा वेगळा. ५०५२ किंवा ५०८६ हे क्रमांक करारात लिहून घ्यावेत आणि पत्र्यासोबत येणारे गिरणीचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग हे पोलादाच्या वेल्डिंगपेक्षा निराळे कौशल्य आहे. वर्षानुवर्षे पोलादाचे उत्तम सांधे घालणारा कारागीर ॲल्युमिनियमवर पहिल्याच दिवशी तसेच काम करील, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याने पूर्वी जोडलेला ॲल्युमिनियमचा एखादा हवाबंद सांधा पाहावयास मागण्यात संकोच नसावा.

नळकांडे आतून एकसंध पोकळ नसावे. आडव्या पडद्यांनी त्याचे किमान तीन स्वतंत्र हवाबंद कप्पे केलेले असावेत. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरली की एरवी खोल असलेले झाडांचे बुंधे आणि खडक पृष्ठभागाजवळ येतात. त्यांवर आदळून एक कप्पा फुटला, तर कप्पे केलेली बोट तिरकी होऊन काठापर्यंत येते. न केलेली येत नाही. प्रत्येक कप्प्याला पाणी काढण्याचे बूच असावे आणि प्रत्येक कप्प्याची चाचणी खरेदीदारासमोर व्हावी. कमी दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी स्वतःच बोलते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्यालाही कळणारी ही परीक्षा आहे, आणि तिला अर्धा दिवसही लागत नाही. पुढच्या टोकाशी आणि तळाशी जाड पत्र्याची अतिरिक्त पट्टी असणे हा काठाला लागणाऱ्या बोटींसाठी अत्यंत उपयुक्त पर्याय. किंमत किरकोळ, आयुष्य कितीतरी वाढते.

एक दोष नवी बोट घेताना दिसत नाही, दोन वर्षांनी दिसतो. ॲल्युमिनियमला तांबे, पितळ किंवा उघडे पोलाद चिकटून ओले राहिले की ॲल्युमिनियम झिजते. म्हणून बोल्ट स्टेनलेसचे आणि त्यांखाली प्लास्टिकचे वॉशर हवेत. डेकच्या लाकडाला ताम्रयुक्त रसायनाची प्रक्रिया केलेली नसावी. स्वतः झिजून बोटीचा धातू वाचवणारे ॲनोड गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यासाठी जस्त किंवा ॲल्युमिनियमचे घ्यावे लागतात. खाडीत चालवलेली बोट गंगरेलला आणली, तर ते बदलावयास हवेत.

डेक, कठडा आणि छत

डेकसाठी प्लायवुड वापरावयाचे असल्यास ते आयएस ७१० प्रमाणाचे, म्हणजे मरीन प्लायवुड, असावे. फर्निचरचे ‘वॉटरप्रूफ’ प्लायवुड हा त्याला पर्याय नाही. खडबडीत ॲल्युमिनियमचा पत्रा अधिक टिकतो, मात्र एप्रिल-मे महिन्यांत अनवाणी पाय त्यावर ठरत नाही. गालिचा टाळावा, पाणी धरतो, कुजतो आणि वजन वाढवतो.

कठड्याकडे खरेदीदार सजावट म्हणून पाहतो. तो मुलांसाठी असतो, म्हणून खालच्या पट्टीपासूनच पाहावा. डेक आणि खालची पट्टी, तसेच दोन पट्ट्या यांत लहान मुलाचे डोके किंवा धड जाईल एवढी फट नसावी. फाटक आतल्या बाजूला उघडणारे आणि आपोआप अडकणारे असावे, म्हणजे माणसांचा रेटा आला तरी ते बाहेर उघडणार नाही. अनेक बोटींत समोरच्या कठड्यापुढे डेकची दोन-तीन फूट मोकळी जागा असते. छायाचित्रासाठी पाय सोडून बसण्याचा मोह तेथेच होतो. बोट चालू असताना तेथून पडलेला माणूस दोन नळकांड्यांच्या मधून थेट मागच्या पंख्याकडे जातो. ही जागा नसलेली रचना मिळत असेल तर तीच घ्यावी. असलीच, तर तेथे जाणारे फाटक चालत्या बोटीत कुलूपबंद राहील अशी व्यवस्था हवी.

छत आपल्या उन्हात चैन नव्हे, गरज आहे. पण छत आणि बाजूचे पडदे ही बोटीची शिडेही असतात. सहा मीटर लांब आणि दोन मीटर उंच पडदा ताणून बसवला आणि ताशी ५४ किलोमीटरचा आडवा वारा आला, तर त्यावर सुमारे २०० किलो वजनाइतका रेटा बसतो. तोही डेकच्या वर, म्हणजे बोटीला कलंडवण्यास सर्वांत सोयीच्या उंचीवर. वैशाखातील वळवाचा वारा याहून जोरदार असू शकतो. म्हणून पडदे घ्यावयाचेच तर एका दोरीने क्षणात गुंडाळता येणारे घ्यावेत. छताची चौकट हलकी, ॲल्युमिनियमची असावी. छतावर कोणालाही चढता येऊ नये म्हणून जिना, शिडी, पायरी यांपैकी काही ठेवू नये.

इंजिन : अश्वशक्तीचा मोह

निसर्ग पाहावयास आलेल्या माणसाला ताशी आठ-दहा किलोमीटरचा वेग पुरतो. वर सांगितलेल्या मापाच्या बोटीला त्यासाठी ४० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन पुरेसे ठरते. त्यातून वाऱ्याविरुद्ध परतण्याइतकी शक्तीही शिल्लक राहते. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाचा खर्च इंधनात तर होतोच, शिवाय मागच्या टोकावर वजन वाढते आणि चालकाला वळणे घेण्याची हौस येते. अश्वशक्तीपेक्षा दंडाची लांबी अधिक काटेकोरपणे पाहावी. पाँटूनचा डेक उंच असल्याने आखूड दंडाच्या इंजिनाचा पंखा पुरेसा खोल जात नाही, तो हवा घेतो आणि गर्दी एका टोकाला झाली की पाणीच सोडतो. २० इंची लांब दंड बहुतेक दुनळी बोटींना चालतो, तीन नळकांड्यांच्या काही रचनांना २५ इंची लागतो.

चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची दोरी, म्हणजे चालक पडताच इंजिन बंद करणारा किल स्विच, हा पर्याय नसून अट समजावी. राखीव पंखा, त्याच्या खिळा आणि इंधनाची गाळणी खरेदीतच घ्यावी. आउटबोर्डची सेवा देणारे जवळचे केंद्र कोठे आहे, हा प्रश्न ब्रँडच्या निवडीआधी विचारावा. भर हंगामात सुट्या भागासाठी पंधरा दिवस उभी राहिलेली बोट कोणत्याही सवलतीची भरपाई करून देत नाही. पेट्रोलची टाकी आसनाखालच्या बंद पेटीत कोंडू नये, तिची वाफ बाहेर जावयास हवी.

पिण्याचे पाणी देणाऱ्या जलाशयांवर आणि अभयारण्यांलगत विजेवर चालणारी बोट हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. संथ वेगाला सरासरी सहा किलोवॅट लागतात असे धरल्यास २० युनिटांची लिथियम बॅटरी, तिचा पाचवा हिस्सा राखून, अडीच तासांहून अधिक चालते. म्हणजे अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्या. सहा मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद छतावर सुमारे अडीच किलोवॅटचे सौरपटल बसते आणि निरभ्र दिवशी त्यातून दहा युनिटांच्या आसपास वीज मिळते. उरलेली धक्क्यावरून भरावी लागते. केरळमध्ये वैकम ते तवणक्कडव या मार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट नियमित चालते, आणि तिची रचनाही दोन समांतर कायांचीच आहे. मात्र बॅटरीचे वजन प्रवाशांच्या हिशेबात धरावे, आणि सौरपटलांचे वजन छतावर येते हे नौकारचनाकाराला आधी सांगावे.

संगीतयंत्रणा, डेकखालचे रंगीत दिवे, शीतपेटी, घसरगुंडी, पाण्यावर ओढत नेण्याच्या खेळांसाठीचा खांब यांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. नंतर कधीही बसवता येतात. नळकांडी नंतर बदलता येत नाहीत.

जॅकेटबद्दल मात्र थोडे थांबावे लागेल. बोटीबरोबर ‘मोफत’ येणारी जॅकेटे बहुधा ५० न्यूटनची, पोहता येणाऱ्यांना साहाय्य करणारी असतात. न पोहणाऱ्याला आश्रित पाण्यातही किमान १०० न्यूटनचे जॅकेट हवे, कारण तोंड पाण्यावर राखण्याचे काम तेच करते. आकार वजनानुसार असतात. मुलांच्या आकाराची वेगळी खरेदी करावी लागते. प्रस्तुत वार्ताहराला एका जलाशयावर देण्यात आलेल्या जॅकेटचा खटका तुटलेला होता आणि त्याजागी नाडीची गाठ मारलेली होती. विचारल्यावर ‘गाठ पक्की आहे’ असे उत्तर मिळाले. जॅकेट वापरून झिजतात, उन्हाने कडक होतात. दरवर्षी काही बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात लिहावा. त्याशिवाय दोरीसह फेकता येणारी दोन कडी, अग्निशामक, भोंगा, दोन वल्ही आणि खोलीच्या किमान पाचपट लांब दोरीचा नांगर हवा. इंजिन बंद पडलेल्या बोटीला वारा सांडव्याकडे नेऊ लागला, तर थांबवणारी वस्तू नांगर हीच.

कागद, ट्रक आणि वाळूची पोती

अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ हा १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी आला आणि २०२२ पासून लागू झाला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेला नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा आणि पात्र चालक या अटी त्यात आहेत. यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदीचे काम स्थानिक पातळीवर सोपवण्याची तरतूद आहे. खरेदीदाराने लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की सर्वेक्षण बोट तयार झाल्यावर नव्हे, आराखड्यापासून सुरू व्हावे. बोट आधी बनवून मग मंजुरीस नेली, तर सर्वेक्षकाने सुचवलेला प्रत्येक बदल पुन्हा कापाकापी करूनच होतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१७च्या नौकासुरक्षा मार्गदर्शक सूचना संस्थेच्या कार्यालयात असाव्यात. जलाशयाच्या वापरासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी लागते. महाराष्ट्रातील खाड्यांवर सागरी मंडळाचे नियमन आहे. कोटेशनवर जीएसटीचा वर्गीकरण क्रमांकही लिहून घ्यावा. फेरी व सहलीच्या प्रवासी नौका ८९०१ मध्ये, क्रीडा व विलासनौका ८९०३ मध्ये येतात आणि दोहोंच्या करात मोठी तफावत आहे.

बोट रस्त्याने न्यावयाची असते, हेही बरेचदा उशिरा आठवते. रस्त्यावरील वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे. त्याहून रुंद डेक हवा असेल, तर तो सुटा करून जलाशयावर जोडता येईल अशी रचना मागावी. उचलण्यासाठी हुक नळकांड्यांवर नव्हे, आडव्या तुळयांवर हवेत. नाहीतर हायड्राने बोट उचलतानाच सांधे तडकतात आणि आरोप पुढे खडकावर येतो.

अखेरचा हप्ता पाण्यावरील चाचणीनंतरच द्यावा, ही अट करारात पहिल्या पानावर असावी. चाचणीला तज्ज्ञ लागतो, पण साहित्य गावातलेच पुरते. ५० किलोची १८ वाळूची पोती म्हणजे १२ प्रवासी. ती डेकवर समान मांडून नळकांड्यांवरची पाण्याची रेषा खडूने आखावी. मग सर्व पोती एका बाजूच्या कठड्याशी रचावीत आणि त्या बाजूचे नळकांडे किती उघडे राहते ते मोजावे. त्यानंतर मागच्या टोकाला न्यावीत आणि इंजिनाजवळची कड पाहावी. चाचणीच्या वेळी बोटीत कोणी थांबू नये, बोट दोरांनी काठाला बांधलेली असावी आणि दुसरी नाव जवळ उभी असावी. या चाचणीतून आणि सर्वेक्षणातून निघालेला प्रवाशांचा आकडा दोन्ही बाजूंना, धक्क्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, मराठी, हिंदी किंवा त्या भागातील लोक वाचतात त्या भाषेत रंगवून घ्यावा. भाररेषाही त्याच दिवशी रंगवावी, म्हणजे रेषा पाण्याखाली गेली की रांगेतल्या शाळकरी मुलालाही दिसेल.